मृगाआधी खुरपे पारखून घ्या: ठाणे-नवी मुंबईच्या घरबागेसाठी हत्यारांचा सल्ला

रोहिणी नक्षत्र लागले आहे. मुंबई-ठाण्याकडे मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. म्हणजे कुंड्यांची माती बदलायला, दुधी-दोडका-कारल्याचे बी टाकायला आणि अळूचे कंद लावायला हाताशी जेमतेम दोन आठवडे आहेत. नव्याने बाग करणारे याच दिवसांत हत्यारे विकत घेतात आणि अनेकांची पहिली खरेदी फसते. रंगीत मुठींचा पाच-सात नगांचा संच घरी येतो. त्यातले दोनच नग हातात राहतात, आणि त्यातलाही एक गणपतीच्या आत वाकतो.

माझा पहिला संच असाच गेला. बाल्कनीतल्या कुंडीत वाळून घट्ट झालेली लाल माती उकरताना छोट्या फावड्याची मान जोडापाशीच दुमडली. घाई होती, म्हणून मोगरा जुन्या सुरीने मोकळा करून काढला. मुळे तुटली आणि पाऊस सुरू होऊनही तो मोगरा फुटला नाही. हत्यार चुकले की झाड जाते हे मी तेव्हा शिकले, म्हणून हा सल्ला जरा आग्रहाने लिहिते आहे. पहिल्या वर्षी तीनच वस्तू घ्या: एक खुरपे, एक सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) आणि एक झारी. तिन्ही चांगल्या घ्या. बाकीचे काम घरातल्या भांड्यांवर निभते.

खुरपे

खुरपे हातात घेतले की आधी मुठीचे तोंड पाहा, पाते नंतर. पात्याची शेपटी मुठीत किती आत गेली आहे आणि तिथे लोखंडी कडे घट्ट बसले आहे का, यावर खुरप्याचे आयुष्य ठरते. शेपटी इंचभरच आत असेल तर पहिल्याच घट्ट कुंडीत मूठ निसटते. पाते आणि मान एकाच तुकड्यातून घडवलेली असेल तर उत्तम. मानेवर झाळलेला सांधा दिसला, तर दुकानातच पात्याचे टोक फरशीवर टेकवून वरून अंगाचा भार द्या. मान किंचितही लवली तर ते खुरपे परत ठेवा. दुकानदार रागावेल याची काळजी करू नका, चांगला दुकानदार उलट स्वतःच दाबून दाखवतो.

कुंडीचे खुरपे आणि जमिनीचे खुरपे वेगळे असते. शेतात बसून निंदणी करायचे वाकड्या पात्याचे खुरपे कुंडीत फिरत नाही, त्याची कड मुळांना लागते. कुंडीसाठी सरळ, किंचित खोलगट आणि अरुंद पाते लागते. दुकानात त्याला कोणी खुरपी म्हणते, कोणी ट्रॉवेल. आठ-दहा इंची कुंडी असेल तर पाते दोन-अडीच इंचांपेक्षा रुंद नको, नाहीतर झाडाच्या खोडाशी ते शिरतच नाही. पात्यावर इंचांच्या खुणा कोरलेल्या असल्या तर कंद किती खोल गेला ते कळते, पण केवळ खुणांसाठी जास्त पैसे मोजू नका.

पोलाद कोणते, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. आपल्याकडे खाडीचा खारा वारा आहे. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ असो की ठाण्यात कोळशेतची बाजू, साधे लोखंड एका रात्रीत तांबूस पडते. म्हणून बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी जाड पत्र्याचे स्टेनलेस खुरपे घ्यावे असे माझे मत आहे. स्टेनलेसला धार फार टिकत नाही हे खरे, पण कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत मिसळलेल्या मातीला धार लागतेच कुठे! जमिनीत काम असेल तर मात्र लोहाराने ठोकून घडवलेल्या खुरप्याला तोड नाही. अनेक लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादातून विळे-कोयते-खुरपी घडवतात. ते पोलाद कडक असते, धार धरते आणि बोथट झाले की पुन्हा धार लावून घेता येते. नखाने टिचकी मारा, चांगले पाते खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द आवाज करते. शहापूर-मुरबाडकडे जाणे होत असेल तर आठवडी बाजारात अशी हत्यारे पाहा. मुरबाड तालुक्यातली म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. ती गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असली तरी शेतीची अवजारेही तिथे मांडलेली असतात. या हंगामाला ती कामाची नाही, पुढच्या वर्षीसाठी लक्षात ठेवा.

मूठ लाकडी असेल तर बाभळीची चांगली. घेतल्यावर तिला कच्चे अळशीचे तेल दोनदा चोळून सुकू द्या, म्हणजे पावसात फुगत नाही आणि उन्हात तडकत नाही. सैल झालेली मूठ पाण्यात बुडवून घट्ट करण्याची सवय अनेकांना आहे. ती दोन दिवस टिकते, मग लाकूड सुकते आणि मूठ आणखी सैल होते. पाचर ठोकून घ्या. हिरव्या मुठीचे हत्यार घेऊ नका, किंवा घेतले तर तिला लाल चिंधी बांधा. हिरव्या मुठीची खुरपी पालापाचोळ्यात हरवतात आणि सहा महिन्यांनी खताच्या ड्रममध्ये गंजलेली सापडतात.

सिकेटर

जास्वंदीची वाढलेली फांदी हाताने मोडू नका आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीनेही कापू नका. मोडलेल्या किंवा चेचलेल्या टोकावर पावसाळ्यात बुरशी बसते आणि फांदी वरून खाली वाळत येते. गुलाबात ही शेंडेमर फार दिसते. सिकेटर दोन प्रकारचे मिळते. बायपास प्रकारात दोन पाती कात्रीसारखी एकमेकांच्या बाजूने जातात आणि ओली फांदी स्वच्छ कापतात. दुसऱ्या, म्हणजे अॅन्व्हिल प्रकारात एक पाते सपाट पट्टीवर दाबते. ते वाळक्या काटक्यांना बरे, ओल्या फांदीला चेचते. घरबागेसाठी बायपासच घ्या.

घेताना खिशात वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा. पात्यांच्या अगदी टोकाने तो कापून पाहा. कागद दोन पात्यांमध्ये दुमडून अडकला तर पाती नीट जुळलेली नाहीत. मग मूठ पूर्ण उघडून हातात धरा. चारही बोटे खालच्या दांड्याला सहज पोहोचली पाहिजेत. बाजारातली बरीच सिकेटरे मोठ्या हातासाठी केलेली असतात आणि बायकांच्या हाताला वीस काप होण्याआत रग लागते. लहान मापाचे मागा, मिळते. डावखुऱ्यांनी तर आवर्जून विचारावे. मधला स्क्रू उघडता येतो का आणि स्प्रिंग व पाते वेगळे विकत मिळते का, हेही पाहा. पुड्यावर २० किंवा २५ मिलिमीटर जाडीपर्यंत कापते असे लिहिलेले असते, पण अंगठ्यापेक्षा जाड फांदीला सिकेटर लावू नका. पाती पिळवटतात आणि मग कायमची फट राहते. कढीपत्ता, पेरू यांच्या जाड फांदीसाठी छोटी घडीची करवत पुरते.

काप डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर कोंब फुटतो त्या जागेच्या, वर साधारण अर्धा सेंटिमीटरवर आणि तिरका घ्या, म्हणजे पाणी साचत नाही. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) लागलेली जास्वंद छाटून तेच पाते लगेच दुसऱ्या झाडाला लावू नका. ७० टक्के अल्कोहोलचे सॅनिटायझर फडक्यावर घेऊन पाते पुसा. ब्लीच वापरू नका, ते पोलाद खाते.

एक गोष्ट इथेच सांगते. हे सगळे आपल्या कुंडीतल्या आणि अंगणातल्या झुडपांपुरते आहे. सोसायटीच्या आवारातला गुलमोहर किंवा रस्त्याकडेचा रेन ट्री पावसाआधी छाटायचा असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५ पासून तसा कायदा आहे. कोयता घेऊन स्वतः चढू नका, कुणाला चढवूही नका.

झारी

झारीला पावसाळ्यात काय काम, असे वाटेल. पण आपला पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या, वर स्लॅब असलेल्या बाल्कनीत जुलैतही कुंड्या कोरड्या राहतात आणि बाहेर धो-धो पाऊस दिसत असल्याने आपण पाणी घालायला विसरतो. मातीत बोट दोन पेरे घालून पाहा. ओल मोजायचे यंत्र घ्यायची गरज नाही, बोट फुकट आहे आणि चुकत नाही.

पाच लिटरची झारी भरली की पाच किलोपेक्षा जड होते. टांगलेल्या कुंड्यांना पाणी घालताना ती एका हाताने उचलावी लागते, म्हणून तीन लिटरची घ्या. नळी लांब हवी, तोंडाची जाळी काढता येणारी हवी आणि तिची छिद्रे बारीक हवीत. जाड धारेने मेथी-लाल माठाचे बी एका कोपऱ्यात वाहून जाते. काम झाले की झारी रिकामी करून उपडी ठेवा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. कुंडीखालच्या ताटल्याही आठवड्यातून एकदा घासून कोरड्या करा.

बाकीचे

माती कालवायला प्लास्टिकचे घमेले घ्या, लोखंडी आपल्या हवेत फार टिकत नाही. खाली जुने गोणपाट अंथरले की घर स्वच्छ राहते. रोपे उचलायला जुना चमचा उत्तम. निमतेल फवारायला दाब देऊन चालणारा एक-दोन लिटरचा हातपंप पुरतो. एका लिटर पाण्यात ५ मिली निमतेल आणि थोडा पातळ साबण घाला, हलवत राहा, संध्याकाळी पावसाची उघडीप पाहून फवारा आणि नंतर साध्या पाण्याने नोझल धुवा. नाहीतर तेल साकळून ते बुजते.

हातमोजे मात्र टाळू नका, विशेषतः तळमजल्यावरच्या बागेत. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण आढळतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून या रोगाचा जंतू हाताच्या जखमेवाटे शिरतो. रबराचा थर असलेले मोजे घ्या, नुसते सुती भिजून जातात. खुरपे किंवा काटा लागलाच तर जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

नवी मुंबईत रो-हाउसला पट्टाभर जमीन असणाऱ्यांना आणखी थोडे लागते. तिथे बऱ्याच ठिकाणी भराव आहे, वर चार बोटे लाल माती आणि खाली मुरूम, खडी, विटांचे तुकडे. खुरप्याने तिथे खणायला जाल तर पाते मोडेल. हलका टिकाव, एक फावडे आणि दाताळे घ्या. पहिला पाऊस पडून जमीन वाफशावर आली, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशी झाली, की खणा, कोरड्यात मनगट दुखते आणि चिखलात माती दाबली जाते. कुदळ-फावड्याचा दांडा स्वतःच्या उंचीला पारखा. आखूड दांड्याने कंबर धरते. दारात आंबा असेल आणि शेवटची फळे अजून झाडावर असतील तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला नूतन झेला, म्हणजे फळे उतरवायचा झेला, मिळवा. त्याने फळ देठासकट उतरते, त्यामुळे सालीवर चीक सांडून डाग पडत नाहीत.

उंच इमारतीत राहणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. कठड्यावर किंवा ग्रिलच्या पट्टीवर हत्यार ठेवू नका, एका मिनिटासाठीही नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या पंधराव्या मजल्यावरून सिकेटर खाली पडले तर काय होईल याचा विचार करा. मुठीला भोक असते, त्यात दोरी ओवून मनगटात अडकवा. ओल्या मातीने भरलेली १२ इंची कुंडी वीस किलोच्या घरात जाते, तीही ग्रिलवर टांगू नका.

गंज आणि धार

खंडेनवमीला आपण हत्यारे धुऊन पुजतो. ठाण्याच्या पावसाळ्यात ही धुलाई रोज हवी. काम झाल्यावर माती झटका, धुवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा. गाडीचे जळके ऑईल वापरू नका, ते पुढच्या वेळी भाजीच्या मातीत उतरते. धुतलेली नदीची वाळू एका डब्यात भरून तिला थोडे तेल चोळून ठेवले आणि खुरपे त्यात चार वेळा खुपसले तर घासणे आणि तेल लावणे एकदमच होते. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असते. गंज चढलाच तर लिंबूफूल घातलेल्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये पाते रात्रभर ठेवा, सकाळी घासून धुवा, वाळवा आणि लगेच तेल लावा. वाळवायला उशीर झाला तर गंज पुन्हा धरतो.

धार लावणारा सायकलवाला सोसायटीच्या दारात आला तर खुरपे खुशाल द्या. सिकेटर देताना शेजारी उभे राहा. त्याच्या पात्याची एकच बाजू उतरती असते, तेवढीच घासायची. सपाट बाजू घासली की दोन पात्यांत फट पडते. चाकावर पाते तापून निळे पडू लागले तर थांबवा, कारण तिथले पोलाद मऊ होते आणि धार टिकत नाही. घरी बारीक कानशीने पाच-सहा वेळा एकाच दिशेने घासले तरी भागते. गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात येते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सिकेटरचा स्क्रू उघडा, आतला चिकट चीक अल्कोहोलने पुसा, धार लावा आणि स्प्रिंगला थेंबभर तेल द्या.