मोहल्ला कमिटी चालवायची तर आधी नळावर आणि रिक्षा स्टँडवर जा

सणांच्या आधी पोलीस स्टेशनला शांतता कमिटीची मीटिंग असते, कधी गेला असाल तर माहितीच असेल. पुढच्या रांगेत माजी नगरसेवक, मंडळाचे अध्यक्ष, मशिदीचे ट्रस्टी, सीनियर पीआय दहा मिनिटं बोलतात, मग चहा-समोसा, फोटो, झालं. मी त्याला नावं ठेवत नाही, तीही लागते, पण रात्री साडेअकराला गल्लीच्या तोंडावर पन्नास पोरं जमली की त्या फोटोतलं कोण खाली उतरतं ते एकदा बघा. मी मुंबईत हिंदू-मुस्लिम मिक्स वस्तीत राहतो, आमची मोहल्ला कमिटी, म्हणजे दंगल होऊ नये म्हणून दोन्हीकडची गल्लीतली माणसं एकत्र बसतात ती, बारा-तेरा वर्षं रडतखडत चाललीय, मध्ये दोनदा बंदही पडली, त्यातून जे समजलं ते लिहितोय, कुणाला आपल्याकडे सुरू करायची असेल तर कामाला येईल.

भिवंडीचं आधी सांगतो कारण नव्या पोरांना ते माहीतच नसतं. पॉवरलूमचं गाव, १९७० ला मोठी दंगल, १९८४ ला परत. १९८८ ला सुरेश खोपडे तिथे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या काढल्या, सत्तरेक होत्या, दोन्हीकडची साधी माणसं आणि त्या बीटचा (म्हणजे तेवढ्या गल्ल्या बघणारा) हवालदार एकत्र बसायचे. साहेब नाही, हवालदार, हे लक्षात ठेवा. मग ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडल्यावर मुंबई पेटली, डिसेंबर-जानेवारी मिळून ९०० माणसं गेल्याचं त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलंय, आणि ज्या भिवंडीची सगळ्यांना धास्ती होती तिथे दंगल झाली नाही. पुढे मुंबईत तेव्हाचे पोलीस कमिशनर सतीश साहनी, माजी कमिशनर ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे वगैरेंनी तेच काम सुरू केलं, धारावीत भाऊ कोर्डे आणि वकार खान यांनी घरोघरी फिरून केलं. म्हणजे आपण काही नवीन शोध लावत नाहीय, फक्त ते दर काही वर्षांनी पहिल्यापासून करायला लागतं कारण माणसं बदलतात, हवालदाराची बदली होते, पोरं मोठी होतात.

तर माणसं कुठली घ्यायची. अख्खा वॉर्ड घेऊ नका, चालत दहा मिनिटांत फिरून होईल एवढाच एरिया, पंधरा-वीस जण पुरे. ज्याला लोक स्टेजवर ऐकतात तो नको, ज्याच्यासमोरून लोक रोज जातात तो हवा. रिक्षा स्टँडवरचा जुना माणूस, चिकनवाला, मेडिकलवाला, इंटरनेटच्या वायरी टाकणारा पोरगा (ह्याला प्रत्येक घराचा दरवाजा माहीत असतो), मयतीला सगळी व्यवस्था बघणारा जो एक असतोच, आणि मंडप डेकोरेटर. आमचा डेकोरेटर गणपतीचा मंडप पण बांधतो आणि मिलादची लायटिंग पण करतो, कोण काय मोठं करणार आहे ते त्याला पोलिसांच्याही आधी कळतं कारण ऑर्डर त्याच्याकडे येते. बायका पाहिजेतच, आणि त्या रात्री नऊच्या मीटिंगला येणार नाहीत, तेव्हा चपात्या असतात. दुपारी चारला ठेवा. आमच्याकडे चारला ठेवल्यावर पाच काकू आणि तीन खाला आल्या आणि अर्ध्या तासात कुठल्या घरातला कुठला पोरगा कुणाच्या नादी लागलाय त्याचा सगळा हिशोब बाहेर आला, जो आम्हा पुरुषांना दोन वर्षांत लागला नव्हता. आणि ज्या पोराबद्दल सगळे तक्रार करतात ना, तो पण घ्या, बाहेर ठेवून त्याचा काही फायदा नाही.

एक माणूस विसरला जातो, ज्याचं इथे कुणीच नाही तो. पार्लरमधल्या मणिपूरच्या मुली, मोमोवाला, नेपाळी वॉचमन. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामच्या हिंसाचारानंतर अफवा उठल्या आणि पुण्या-बंगळुरूहून ईशान्येकडची पोरंपोरी ट्रेन भरभरून निघून गेली, तेव्हा त्यांच्या बाजूच्या फ्लॅटवाल्याने नुसतं दार वाजवून विचारलं असतं तरी काहीजण थांबले असते असं मला वाटतं. त्यांच्यातल्या एकाचा नंबर ठेवा आणि त्याला तुमचा द्या.

पार्टीवाल्याला येऊ द्या पण अध्यक्ष करू नका. खरं तर अध्यक्षच नको. आमची कमिटी पहिल्यांदा बंद पडली ती एका इच्छुक उमेदवाराने कमिटीच्या नावाचा बॅनर स्वतःच्या फोटोसकट नाक्यावर लावला म्हणून, दुसऱ्या दिवसापासून अर्धे लोक यायचे बंद.

पहिल्या तीन मीटिंगमध्ये एकता, भाईचारा हे शब्द काढायचेच नाहीत. लोक लगेच शहाण्यासारखं बोलायला लागतात आणि काहीच कळत नाही. गटार, पाणी, पार्किंग, बंद पडलेला दिवा, ह्यावर बसा. आम्ही गटाराचा एक अर्ज वॉर्ड ऑफिसला दिला, खाली ४३ सह्या, दोन्ही गल्ल्यांच्या, चार चकरा मारल्या, तेव्हा लाइनीत उभं राहून जी ओळख झाली तीच पुढे कामाला आली. गटाराचं काम अर्धंच झालं, ते जाऊ दे.

मग कॅलेंडर. हे काम जानेवारीत करायचं, सण आल्यावर नाही. मिलाद रबीउल अव्वलच्या १२ तारखेला, अनंत चतुर्दशी भाद्रपद शुद्ध चौदाला, दोन्ही चंद्रावर, म्हणून महिने जुळले की ते एकमेकांना चिकटूनच येतात आणि अधिक महिना येईपर्यंत सुटत नाहीत. २०२३ ला दोन्ही एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबर, मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस २९ ला नेला. २०२४ ला १८ सप्टेंबरला नेला, २०२५ ला ८ सप्टेंबरला, सुट्टी पण सरकली. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती पुढे जातात आणि ही जोडी सुटते, पण म्हणून निवांत बसू नका, मिलाद आता नारळी पौर्णिमेच्या शेजारी येते. २९ जून २०२३ ला आषाढी आणि बकरी ईद एकत्र आली तेव्हा पंढरपुरात आणि बऱ्याच गावांत मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न द्यायचं ठरवलं. हे सगळं आधी बसून ठरलं म्हणून झालं, आदल्या रात्री कुणी सांगायला गेलं असतं तर उलटं झालं असतं.

आपल्या लेव्हलला काय करायचं, तर मिरवणुकीचा रस्ता कागदावर काढा आणि मशिदीसमोरून किती वाजता जाणार ते लिहा. मगरीबची (संध्याकाळच्या नमाजाची) वेळ सूर्यास्तावर असते, सप्टेंबरात साडेसहाच्या आसपास, म्हणजे मंडळाने सहाच्या आधी तरी जावं नाहीतर सातनंतर. ढोल कुठे थांबवायचा ते मंडळाच्या पोरांनीच ठरवू दे, आणि तिकडून पाणी-सरबताचं टेबल कुठे लागणार ते पण त्याच कागदावर. जागेवर पोलिसाने काठी आडवी करून सांगितलं की तो अपमान होतो, आठ दिवस आधी चहावर ठरलं की नाही होत.

आता अफवा. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून पाच भिक्षुकांना लोकांनी ठेचून मारलं, ते आपल्याच राज्यातलं आहे, फोनवरून सुरू झालेलं. आमचा नियम सोपा आहे, मेसेज आला की उत्तर टाइप करायचं नाही, दोन्हीकडचा एक-एक माणूस एकत्र जाऊन बघून येणार आणि तिथून व्हिडिओ टाकणार. एकटा गेला तर त्याच्यावर अर्धे लोक विश्वास ठेवत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत रात्री अकरा वीसला ग्रुपवर आलं, मंडपावर दगड मारला, मूर्तीचा हात तुटला. पाऊस धो धो. मंडळाचा खजिनदार आणि आमचे चिकनवाले चाचा एका स्कूटीवर गेले, चाचांच्या डोक्यावर दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी. बघतात तर ताडपत्रीत पाणी साचून ती फाटली होती आणि वरचा थर्माकोलचा खांब आडवा झाला होता, मूर्ती जशीच्या तशी, फक्त पुढचं नैवेद्याचं ताट भिजलेलं. तिथेच उभं राहून खजिनदाराने व्हिडिओ काढला, "मी खजिनदार बोलतोय, चाचा बाजूला आहेत, ताडपत्री फाटलीय, बाप्पाला काही झालेलं नाही, झोपा आता," मागून चाचांचा आवाज, "अरे झोपा कशाला, दोघं-तिघं दोरी घेऊन या." बावीस सेकंदांचा होता. नाक्यावर जमलेल्यांतले सहा जण दोरी घेऊन गेले, बाकीचे घरी. "हात तुटला" टाकणाऱ्याला ग्रुपमधून काढलं नाही, दुसऱ्या दिवशी मंडप परत बांधायला बोलावलं. आला, गुपचूप बांबू धरून उभा होता.

पोलिसांचं थोडक्यात. ११२ सगळ्यांना पाठ पाहिजे, पण त्याआधी बीट अंमलदाराचा आणि गोपनीयवाल्याचा (स्टेशनला एरियाची माहिती काढणारा पोलीस) नंबर पाहिजे, आणि बदली झाली की नव्याला स्वतः जाऊन भेटा. सणाआधी पोरांना "१४९ ची नोटीस" येते (नव्या कायद्यात ती १६८ झाली पण सगळे १४९ च म्हणतात), ती फक्त ताकीद असते, घरच्यांना घाबरू देऊ नका. भडकाऊ पोस्टची तक्रार द्यायची तर स्क्रीनशॉट, लिंक, वेळ घेऊन दोन्हीकडचे दोघं एकत्र जा, दोन समाजांत तेढ लावण्याचं कलम, आधीचं १५३ अ म्हणजे आता १९६. आम्हाला एकदा तीन तास बसवून ठेवलं होतं, एकटा असता तर उठून आला असता. आणि काहीही झालं तरी कमिटीने पोरांच्या नावांची यादी कुणाला द्यायची नाही. एकदा खबरी असा शिक्का बसला की संपलं, दुसऱ्यांदा बंद पडलो ते त्याच संशयावरून.

पोरांसाठी क्रिकेट. मुंबईच्या मोहल्ला कमिटीवाल्यांनी पोलिसांना घेऊन क्रिकेटच्या मॅची भरवल्या, ती आयडिया घ्या. गल्लीची टीम गल्लीलाच ठेवली तर मॅच राहते बाजूला आणि भलतंच सुरू होतं, म्हणून सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकून टीम पाडा, अंपायर हवालदार. टेनिस बॉलचं खोकं मात्र एकानेच आणायचं, दोन टीमनी दोन आणली तर कुठल्या बॉलने खेळायचं ह्यावरून पाऊण तास जातो, आमचा गेलाय.