रिपोर्टात ‘टार्गेट सेल्स’ लिहिलंय? अर्थ लावताना या चुका टाळा

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टात आकड्यांच्या खाली शेरा असतो: ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक, फ्यू टार्गेट सेल्स सीन’, म्हणजे तांबड्या पेशी लहान आणि फिकट, थोड्या टार्गेट सेल्स दिसल्या. तेवढाच शब्द मोबाइलवर शोधला, की इन्सुलिन, एचआयव्ही, कॅन्सरची टार्गेटेड थेरपी असं काहीही समोर येतं आणि घरात रडारड सुरू होते. स्मिअरवरच्या (काचपट्टीवर पसरून तपासलेल्या रक्ताच्या) शेऱ्याचा त्या कशाशीच संबंध नाही. इथे टार्गेट सेल म्हणजे तांबड्या पेशीचा फक्त आकार: मधे गडद ठिपका, भोवती फिकट कडं, काठाला पुन्हा गडद, नेमबाजीच्या फळ्यासारखा.

दुसरी चूक म्हणजे या आकारालाच आजार समजणं. पेशीचं आवरण आतल्या मालाच्या मानाने जास्त झालं की ती काचपट्टीवर अशी दिसते. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारात आत हिमोग्लोबिनच कमी असतं. लिव्हरच्या जुन्या आजारात किंवा पित्ताची वाट अडल्यावर आवरणात कोलेस्टेरॉल साठून तेच फुगतं. सिकलसेलमध्ये, हिमोग्लोबिनचे सी आणि ई हे बदललेले प्रकार असलेल्यांत, प्लीहा काढलेल्यांतही त्या दिसतात. लोह कमी असलं तरी थोड्या सापडतात.

आणि नेमकी तिथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. हिमोग्लोबिन कमी, पेशी लहान, मग लोहाच्या गोळ्या सुरू, आणि सहा महिन्यांनी आकडा जिथल्या तिथे. आधी एक साधा भागाकार करून बघा: एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) भागिले आरबीसी (तांबड्या पेशींची संख्या, दशलक्षांत). एमसीव्ही 62 आणि आरबीसी 5.8 असेल तर उत्तर साधारण 10.7 येतं, 13 च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरची (एकाच पालकाकडून दोष आलेल्या सौम्य प्रकाराची) शंका घ्यायची. एमसीव्ही 68 आणि आरबीसी 3.9 असेल तर 17 च्या वर, म्हणजे कल लोहाकडे. हा नुसता इशारा, निदान नव्हे. निदानासाठी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी). एचपीएलसीत एचबीए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण 3.5 टक्क्यांच्या वर गेला तर बीटा थॅलेसेमिया मायनर धरतात, पण लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटाच खाली दिसू शकतो. म्हणून फेरिटिन न बघता ‘एचपीएलसी नॉर्मल’ म्हणून फाइल मिटवू नका. लोहाची कमतरता आणि मायनर दोन्ही एकत्रही असतात.

मायनर असलेल्याला स्वतःला सहसा फारसा त्रास नसतो, म्हणून विषय तिथेच सोडला जातो. पण नवरा-बायको दोघेही मायनर असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर (दोन्हीकडून दोष आलेला गंभीर प्रकार) होण्याची शक्यता 25 टक्के. सिंधी समाजात याचं प्रमाण जास्त, म्हणून उल्हासनगरसारख्या गावात लग्नाआधी तपासणी करायलाच हवी. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल आहे; एका पालकाकडून सिकल, दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला तरी मूल आजारी पडतं.

लॅबमधल्या मंडळींसाठी: पावसाळी दमट हवेत काचपट्टी हळू वाळली की खोट्या टार्गेट सेल्स तयार होतात. त्या पट्टीच्या एकाच भागात दाटलेल्या असतात, खऱ्या सगळीकडे. शंका आली तर नवी पट्टी ओढा आणि लगेच वाळवा.

आता विद्यार्थ्यांचा गोंधळ. हार्मोनच्या धड्यात टार्गेट सेल म्हणजे त्या हार्मोनचा रिसेप्टर असलेली पेशी. आजार दिसला की हार्मोनच कमी असणार, असं धरू नका. लिथियम घेणाऱ्या काही रुग्णांत एडीएच (लघवी कमी करायला किडनीला सांगणारं हार्मोन) भरपूर असतं, पण किडनीची पेशी दाद देत नाही आणि लिटरच्या लिटर लघवी होत राहते.

इम्युनॉलॉजीत (रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात) मात्र टार्गेट सेल म्हणजे मारली जाणारी पेशी, आणि ती बाहेरचीच असते असं नाही. हिपॅटायटिस बीमध्ये टी पेशी (शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशी) मारतात त्या आपल्याच लिव्हरच्या, विषाणू शिरलेल्या पेशी. 2023 मध्ये मान्यता मिळालेली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्सकार19 ही रक्ताच्या कॅन्सरवरची थेरपी पृष्ठभागावर सीडी19 हे प्रथिन असलेल्या बी पेशींवर (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या गटावर) चालते. सीडी19 निरोगी बी पेशींवरही असतं, त्याही मरतात, अँटिबॉडी घटतात. उपचारानंतर इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे अँटिबॉडींची, पातळी बघत राहतात ती याचसाठी.