लांब झूमचा छोटा कॅमेरा घेताय? या चुका टाळा

दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "झूम किती?" समोरून "तीस एक्स", "चाळीस एक्स" असं उत्तर येतं आणि बहुतेक वेळा सौदा तिथेच पक्का होतो. मग खानदेशातल्या हतनूर धरणाच्या पाण्यावरची बदकं धुरकट येतात, धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला वितळल्यासारखा दिसतो, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात संध्याकाळी घोड्यांच्या पायांचे नुसते फराटे उमटतात. दोष कॅमेऱ्याच्या माथी जातो. कॅमेरा बहुधा ठीक असतो, निवड किंवा वापर चुकलेला असतो. फोटो कुठे, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती अंतरावरून काढायचे, हे आधी ठरवा आणि मगच दुकानात जा.

नुसता 'एक्स' बघून घेणे

'एक्स' म्हणजे सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड झूमचं गुणोत्तर, दुसरं काही नाही. २४ ते ७२० मिमी म्हणजे ३० एक्स, २४ ते ३६० मिमी म्हणजे १५ एक्स. दोन कॅमेऱ्यांची तुलना करताना शेवटचा मिलिमीटरचा आकडा बघा, आणि तो '३५ मिमी समतुल्य' (म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापात) असल्याची खात्री करा. लेन्सच्या कड्यावर छापलेला आकडा वेगळा असतो, त्याकडे पुढे येऊ.

७२० मिमीला चौकटीत किती मावतं, हे काढायला कागदही लागत नाही. अंतराला २० ने भागा. १०० मीटरवर चौकट साधारण ५ मीटर रुंद, ३० मीटरवर दीड मीटर. हतनूरला किनाऱ्यापासून दीडशे मीटरवर पोहणारी मोठी लालसरी जेमतेम अर्ध्या मीटरची, आणि तिथे चौकट साडेसात मीटरची. म्हणजे पूर्ण झूम ताणूनही बदक चौकटीच्या चौदाव्या भागाएवढं. झाडावर ३० मीटरवर बसलेला रानपिंगळा २३ सेंमीचा, तो चौकटीचा सहावा-सातवा हिस्सा भरतो. (शतकभर कुणाला न दिसलेला हा पक्षी १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, सातपुड्यात फिरणाऱ्यांना त्याचा फोटो हवा असतो यात नवल नाही.) ३६० मिमीच्या कॅमेऱ्यासाठी २० ऐवजी १० ने भागा. तुम्हाला काय टिपायचं आहे त्याची लांबी आणि अंतर घेऊन घरी बसूनच हा हिशेब करा. निम्मे भ्रम तिथेच संपतील.

खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '६० एक्स' किंवा '१२० एक्स' असेल, तर त्यात डिजिटल झूम मिसळलेला असतो. तो म्हणजे फोटो कापून फुगवणं. मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करा आणि मग लेन्स कुठवर जाते ते पाहा.

बेनामी 'फोर-के ४८ मेगापिक्सेल' कॅमेरे

ऑनलाइन चार-आठ हजारांत मिळणारे, '४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम' असं लिहिलेले बेनामी कॅमेरे या कामाचे नाहीत. त्यांची लेन्स सहसा हलतच नाही, झूम पूर्ण डिजिटल असतो आणि आत बारीक सेन्सर बसवून मेगापिक्सेल सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात. ओळखायची खूण सोपी: लेन्सच्या कड्यावर '४.३–१२९ मिमी' असे दोन आकडे असतील तर ऑप्टिकल झूम आहे. एकच आकडा असेल तर लेन्स झूमची नाही. याच पैशांत चांगल्या कंपनीचा जुना, वापरलेला कॅमेरा कितीतरी जास्त देईल.

कड्यावरचं गणित न करणे

ही चूक जाणती माणसंही करतात, म्हणून जरा थांबून बघू. कड्यावरचा मोठा मिलिमीटरचा आकडा घ्या आणि त्याला शेवटच्या एफ आकड्याने (कड्यावर '१:' नंतरच्या दोन आकड्यांतल्या दुसऱ्याने) भागा. येतो तो पूर्ण झूमला प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास.

पॅनासॉनिकच्या ३० एक्स टीझेड मालिकेवर ४.३–१२९ मिमी, १:३.३–६.४ असं लिहिलेलं असतं. १२९ भागिले ६.४ म्हणजे २० मिमी. त्याच कंपनीच्या १५ एक्स टीझेड२०० वर ८.८–१३२ मिमी, १:३.३–६.४ आहे, १३२ भागिले ६.४ म्हणजे साडेवीस. झूमचा आकडा निम्मा, पण छिद्र तेवढंच! लांबचा किती तपशील उलगडेल हे शेवटी याच व्यासावर ठरतं. एफ/६.४ ला प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर साधारण साडेआठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चकती बनून पडतो. छोट्या सेन्सरच्या २० मेगापिक्सेलमध्ये एक पिक्सेल १.२ मायक्रॉनचा, म्हणजे एका बिंदूवर सात पिक्सेल रांगेत खर्ची पडले. पक्षी पडद्यावर मोठा दिसतो, पण पिसाची रेघ त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून १५ एक्सचा फोटो दुप्पट कापला तरी तो ३० एक्सच्या बराच जवळ जातो.

उलट टीझेड२०० चा नावाला 'एक इंची' सेन्सर १३.२ × ८.८ मिमीचा, तर ३० एक्सवाल्याचा १/२.३ इंची सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिमीचा. क्षेत्रफळात चौपट फरक, आणि झूम आखूड असताना तो संध्याकाळी लख्ख दिसतो. खानदेशात हिंडणारा माणूस सकाळी पक्षी, दुपारी देऊळ, रात्री लग्न असे सगळेच फोटो काढतो. त्याला १५ एक्सचा एक इंची सेन्सर जास्त उपयोगी पडेल, असं आमचं स्पष्ट मत आहे. उन्हातले पक्षी हाच एक ध्यास असेल तर गोष्ट वेगळी. कॅननच्या एसएक्स७४० चं छिद्र २५ मिमी भरतं, निकॉनच्या पी१००० चं तर ६७ मिमी. पण तो १४१५ ग्रॅमचा ऐवज आहे, खिशात मावत नाही.

झळांवर झूम करणे

जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात गेलेला असताना अकरा वाजता दूरचा डोंगर ७२० मिमीला ओढला, तर जगातला कोणताही कॅमेरा तो नीट देणार नाही. तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या गरम हवेचे थर प्रकाश वेडावाकडा वाकवतात. हा फोकसचा दोष नाही, हात हलण्याचाही नाही. ओळखायचं असं: लागोपाठ दहा फोटो काढा. हात हलला असेल तर अख्खी चौकट एकाच दिशेला फराटलेली दिसते. झळा असतील तर विजेच्या खांबाची कड एका जागी डावीकडे, दुसऱ्या जागी उजवीकडे वाकते आणि प्रत्येक फोटोत वेगळी.

एप्रिल-मेमध्ये लांब झूमचं काम सूर्योदयापासून पुढच्या दीड-दोन तासांत उरका. डांबरी रस्ता, नांगरलेलं कोरडं शेत, गाडीचं तापलेलं बॉनेट यांच्यावरून नेम धरू नका. शक्य तर बांधावर, गच्चीवर, थोड्या उंचीवर उभे राहा, कारण सर्वांत खराब थर जमिनीलगतचा असतो. एसी चालू असलेल्या गाडीची काच अर्धी उघडून फोटो काढणं ही तर नेहमीची चूक: आतली थंड आणि बाहेरची गरम हवा नेमकी लेन्ससमोर मिसळते. एसी बंद करा, सगळ्या काचा खाली घ्या, पाच-दहा मिनिटं थांबा आणि इंजिनही बंद ठेवा. हिवाळ्यातल्या पहाटेही बेसावध राहू नका. कोमट पाण्यावर थंड हवा असली की जलाशयावर तशीच थरथर दिसते.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. मे महिन्यात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य हाताने कमी करणं.

व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा उन्हासाठी घेणे

दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पडदा झकास दिसतो. भर उन्हात कापसाच्या शेतात त्याच पडद्यावर फक्त तुमचा चेहरा दिसतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की ऊन अडतं आणि कॅमेरा कपाळाला टेकल्याने हातही स्थिर होतो. सोनीच्या एचएक्स९९ मध्ये आणि टीझेड२०० मध्ये व्ह्यूफाइंडर आहे. एसएक्स७४० मध्ये नाही, आणि पॅनासॉनिकच्या २०२५ मध्ये आलेल्या टीझेड९९ मधून तर तो काढूनच टाकला आहे. नवं मॉडेल म्हणजे सगळ्याच बाबतीत सरस, असं धरून चालू नका.

ऑटोवर ठेवून हललेले फोटो काढणे

ऑटो मोड स्टॅबिलायझरच्या भरवशावर शटर १/६० किंवा १/१२५ सेकंदावर नेतो. स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो. घोडा, पाखरू, वाऱ्यावर डोलणारी फांदी सावरत नाही. डायल 'एस' वर फिरवा (कॅननमध्ये 'टीव्ही'), म्हणजे शटरचा वेग तुम्ही ठरवाल. बसलेल्या पक्ष्याला १/५००, उडणाऱ्याला १/१६०० पासून सुरुवात करा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो ठेवा, पण छोट्या सेन्सरला कमाल ८००, फार तर १६०० ची मर्यादा घाला. त्यापुढे पिसं मेणासारखी लिंपलेली दिसतात.

सारंगखेड्याला दिवस कलल्यावर पूर्ण झूमवर १/५०० हवं म्हटलं तर आयएसओ ३२०० च्या वर जातो आणि फोटो वाया जातो. तिथे झूम आवरा आणि पावलं पुढे टाका. एफ/६.४ पेक्षा एफ/३.३ ला जवळपास चौपट प्रकाश मिळतो. अजिंठ्याच्या लेण्यांतही तेच: फ्लॅशला मनाई, उजेड मंद. लेन्स सर्वांत आखूड ठेवा, कोपर छातीला टेकवा, १/१५ ते १/३० वर चार-पाच फोटो काढा, त्यातला एक तरी नेमका येतो.

गाडीतून पक्षी टिपताना तिपाईची (ट्रायपॉडची) आठवण काढत बसू नका. कापडी पिशवीत दीड-दोन किलो ज्वारी सैलसर भरा, तोंड शिवून टाका आणि खिडकीच्या काठावर ठेवा. कॅमेरा त्यात रुतून बसतो. तिपाई वापरलीच तर स्टॅबिलायझर बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. चंद्रासाठी मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ/६.४, १/२५०. ऑटोवर चंद्राचा नुसता पांढरा दिवा होतो.

पक्षी हरवणे, फोकस मागच्या झाडावर जाणे

पूर्ण झूमला चौकट जेमतेम तीन अंशांची असते, त्यामुळे पक्षी सापडतच नाही. आधी झूम आखूड ठेवून पक्षी बरोबर मध्यावर घ्या, शटर अर्धं दाबून फोकस बसवा, बोट सोडा, झूम ताणा, पुन्हा अर्धं दाबा. फोकसचा प्रकार 'एक बिंदू, मध्य' असाच ठेवा. बहुबिंदू फोकस बाभळीच्या पुढच्या काटक्या पकडतो. फोकस पुढेमागे शोधत राहिला तर तेवढ्याच अंतरावरच्या खोडावर बसवून परत पक्ष्यावर या. आणि दीड-दोन मीटरच्या आतलं फुलपाखरू पूर्ण झूमला फोकसमध्ये येतच नाही. बिघाड समजू नका, दोन पावलं मागे सरका.

धूळ, दमट हवा, कार्ड

खिशातल्या झूम कॅमेऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे धूळ. लेन्सच्या नळ्या एकात एक सरकतात, आणि बाहेर-आत होताना हवेबरोबर माती ओढतात. कण खाचेत अडकला की पडद्यावर 'लेन्स एरर' येतो आणि कॅमेरा बंद पडतो. तशी वेळ आली तर लेन्स हाताने ढकलू नका, दातेरी चाकं मोडतात. बॅटरी काढा, लेन्स खाली करून रबरी ब्लोअरने नळीभोवती हवा मारा, दहा मिनिटांनी पूर्ण चार्ज झालेली बॅटरी घालून चालू करा (बॅटरी उतरली तरीही हाच संदेश येतो). पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा चुकूनही मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या जंगलात पावसाळ्यात जाऊन आलात तर कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा, नाहीतर लेन्समध्ये बुरशी धरते.

फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिटने साठतो, म्हणजे मिनिटाला साधारण ७५० एमबी. ६४ जीबीचं व्ही३० (व्हिडिओ लिहिण्याच्या वेगाची) खूण असलेलं कार्ड घ्या आणि वापरण्याआधी संगणकावर पूर्ण भरून, वाचून तपासा. नकली कार्डं खूप फिरतात. जास्तीची बॅटरी घ्याच. झूमची मोटर बॅटरी भराभर खाते.

नग न तपासता घेणे

बिलावर जीएसटी क्रमांक आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेलाच सिरीयल नंबर हवा. 'इम्पोर्ट पीस' स्वस्त पडतो, पण भारतातली वॉरंटी त्याला लागू होतेच असं नाही. वापरलेला असेल तर पूर्ण झूमवर, एफ/८ ठेवून कोऱ्या भिंतीचा फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर धूळ सेन्सरवर बसली आहे, आणि या कॅमेऱ्यांत ती काढायला अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. झूम आत-बाहेर करताना करकर आवाज आला तर सौदा सोडून द्या.

नवा असो की जुना, दुकानाच्या दारात उभे राहून समोरच्या रस्त्यावरच्या दुकानाची पाटी पूर्ण झूमवर घ्या, १/५०० वर पाच वेळा. मग फोटो मोठा करून डावीकडची आणि उजवीकडची अक्षरं ताडून पाहा. पाचही फोटोंत एकच बाजू पुसट येत असेल तर आतलं भिंग तिरकं बसलं आहे. तो नग परत करा आणि दुसरा उघडायला सांगा.