बर्डी-इतवारीच्या सामानातून ऑन-रोड आरसी कार

स्वस्त आरसी (रिमोटवर चालणारी) कार म्हणजे हलक्या सामानाची कार नव्हे. रविवारी सकाळी काही मोडलं तर त्याच दिवशी नागपुरातच, बर्डी-इतवारीच्या बाजारात, मिळेल किंवा करवतीने कापून घेता येईल, ती खरी स्वस्त कार. कुरिअरची वाट बघत महिनाभर कपाटात पडलेली तयार कार कितीही कमी किमतीची असली तरी महागच. म्हणून इथला आराखडा उलट्या बाजूने केला आहे: आधी काय सहज मिळतं ते बघायचं, मग त्याभोवती गाडी बसवायची.

गाडी १/१० मापाची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी, सपाट प्लेटची. बेल्ट नाही, शाफ्ट नाही, डिफरन्शियलही (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी) नाही. मोटरचं पिनियन (छोटा गिअर) थेट मागच्या एक्सलवरच्या (चाकांच्या दांड्यावरच्या) स्पर गिअरला, म्हणजे मोठ्या गिअरला, भिडतं. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २६० मिमी, समोरची एकूण रुंदी १९० मिमी, मागची १७६ मिमी. मागची मुद्दाम कमी आहे, त्याचं कारण पुढे येईल. वजन एक किलोच्या आसपास बसतं. रिमोट आणि चार्जर धरून खर्च साधारण दहा हजारांच्या घरात जातो, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त इलेक्ट्रॉनिक्सचा असतो. प्लेट, एक्सल, बेअरिंग हे चिल्लर खर्च आहेत. बचत करायला जाऊन तिथे कंजुषी करू नका.

प्लेट

इलेक्ट्रिक पॅनलच्या सामानाच्या दुकानात ३ मिमीची ग्लास इपॉक्सी शीट मिळते. दुकानदार ‘हायलम देऊ का’ असं विचारेल. तपकिरी हायलम स्वस्त पडतं, पण कडेला ठोकर बसली की त्याचा टवका उडतो. पिवळट-हिरवट ग्लास इपॉक्सीच घ्या. ॲक्रिलिक तर नकोच, स्क्रूच्या भोकापासूनच तडकतं. साइन बोर्डवाल्यांकडच्या लेझरवर ही शीट नीट कापली जात नाही, कडा जळतात आणि धूरही वाईट असतो. सीएनसी राउटर सापडला तर उत्तम, नाहीतर हॅक्सॉ आणि कानस पुरते. कापताना पाणी मारा आणि मास्क लावा, काचेची धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नका.

मुख्य प्लेट ९० मिमी रुंद, समोर चाकं वळायला जागा राहील इतकी निमुळती. मागचा भाग, म्हणजे मोटर आणि एक्सलची चौकट, वेगळ्या तुकड्यावर बसते. दोन्ही तुकडे जोडायला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची पट्टी लागते. ती १.६ मिमीच्या कोऱ्या पीसीबी (सर्किट बोर्डाच्या) शीटमधून कापा आणि प्लेटच्या वरून बोल्ट करा. खालून लावली तर रस्त्याला घासेल. ही पट्टीच गाडीचं सस्पेन्शन. ती पिळली जाते म्हणून चारही चाकं जमिनीला टेकलेली राहतात. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवर हे फार महत्त्वाचं आहे, कारण दर काही मीटरवर सांधा येतो आणि एकसंध प्लेटची गाडी त्यावर उडते. पट्टीच्या बोल्टखाली नळाचे रबरी वायसर घाला. पट्टीची कंबर आधी २० मिमी ठेवा. गाडी ताठ वाटली तर कानसीने दोन्हीकडून सारखी कमी करा. एकदा घासलेलं परत येत नाही, तेव्हा अर्धा-अर्धा मिलिमीटरच.

मागची चौकट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गाडी चांगली की वाईट हे इथेच ठरतं.

एक्सल ६ मिमीचा स्टीलचा गोल रॉड. बेअरिंग ६२६, म्हणजे आत ६, बाहेर १९ आणि जाडी ६ मिमी. थ्रीडी प्रिंटरचं किंवा रोबोटिक्सचं सामान ठेवणाऱ्यांकडे दोन्ही मिळतात. दोन उभ्या प्लेट ६ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या घेतल्या की बेअरिंग दोन्ही बाजूंनी सपाट बसतं. १९ मिमीचं भोक लेथवाल्याकडून पाडून घ्या. ते घट्टच हवं. हाताने ढकलून बेअरिंग आत गेलं तर चार शर्यतींत खुळखुळायला लागेल.

चाकं १/१० टूरिंगची, १२ मिमी षटकोनी हबची, रबरी टायरसकट ६४ मिमी व्यासाची, २६ मिमी रुंद. एक्सलला चाक जोडायला ६ मिमी भोकाचं पितळी षटकोनी कपलिंग येतं. रॉड आधी जरा लांब कापा, कपलिंग आणि चाकं चढवून बघा, आणि दोन्ही चाकांच्या मध्यांतलं अंतर १५० मिमी येईपर्यंत छाटा. कपलिंगचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) जिथे टेकतो तिथे रॉडवर कानसीने सपाट खाच करा आणि स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) लावा. खाच नसेल तर पहिल्याच जोरदार रेसला कपलिंग जागच्या जागी फिरेल, रॉड चरे पडून खराब होईल आणि कपलिंग बाहेर काढताना घाम फुटेल.

गिअर ०.६ मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप): स्पर ६४ दात, पिनियन १२ दात. दोघांच्या केंद्रांतलं अंतर (६४ + १२) × ०.६ ÷ २ = २२.८ मिमी. ५४० मोटरची त्रिज्या १८ आणि एक्सलची ३ धरली तर मधे १.८ मिमी हवा उरते. स्पर एक्सलला जोडायला ६ मिमीचं पितळी फ्लँज कपलिंग वापरा.

ज्या उभ्या प्लेटवर मोटर बसते तिथे एक फसगत हमखास होते. ५४० मोटरचे दोन एम३ स्क्रू एकमेकांपासून २५ मिमीवर असतात. हे दोन स्क्रू मोटर आणि एक्सल यांच्या रेषेवरच ठेवले तर आतला स्क्रू बेअरिंगच्या भोकात शिरतो. म्हणून स्क्रूंची रेषा त्या रेषेला काटकोनात आखा. स्क्रूची आणि मधल्या उंचवट्याची भोकं दीड-दीड मिलिमीटर लांबट करा, म्हणजे गिअरची पकड जुळवता येईल आणि १३ दातांचं पिनियनही बसेल. स्क्रू एम३×१०, खाली वायसर. १२ किंवा १५ मिमीचा लावला तर तो आत जाऊन वाइंडिंगला टेकतो आणि मोटर कायमची जाते.

एक्सलचं केंद्र बेस प्लेटच्या वरच्या पृष्ठापासून २३ मिमी उंच ठेवलं की प्लेटखाली ६ मिमी मोकळं राहतं. स्पर आणि प्लेट यांच्यात ३ मिमीहून थोडी जास्त जागा उरते.

गिअरची पकड जुळवायला वर्तमानपत्राची पट्टी दोन गिअरमध्ये घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा आणि पट्टी फिरवून काढा. तिच्यावर दातांच्या घड्या पडायला हव्यात, ती फाटायला नको. फाटली तर पकड फार घट्ट आहे. घडीच पडली नाही तर गिअर सैल आहेत आणि दात उडणार.

वेगाचं गणित

साध्या चंदेरी ५४० मोटरचा विनाभार वेग ७.२ व्होल्टला मिनिटाला सुमारे १६,००० फेरे. गुणोत्तर ६४ ÷ १२ = ५.३३, म्हणजे एक्सल सुमारे ३,००० फेरे. टायरचा परीघ २०१ मिमी. ताशी ३६ किमी झाले, प्रत्यक्ष रस्त्यावर त्याहून कमी. पार्किंगच्या मैदानावर एवढा वेग भरपूर आहे, विश्वास ठेवा. १३ दात लावले तर ३९ पर्यंत जातं, पण मोटर जास्त तापते आणि इथला उन्हाळा आधीच तिच्या विरोधात असतो.

समोरचा भाग

समोरचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती किंगपिन. दोन किंगपिनमधलं अंतर १३० मिमी. स्टीअरिंग आर्म किंगपिनपासून २० मिमी मागे, आणि त्याचं टोक ५ मिमी आत. मग दोन्ही आर्मच्या रेषा मागच्या एक्सलच्या मध्याकडे जातात आणि वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं. किंगपिन वरून ४ अंश मागे कललेली ठेवा. नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा तुकडा) थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीईटीजी प्लास्टिकमध्ये. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत तेवढं तापमान सहज होतं. प्रत्येक नकलमध्ये ५×१०×४ ची दोन बेअरिंग, ५ मिमीचा रॉड आणि ५ मिमीचं षटकोनी कपलिंग. समोर स्प्रिंग लावू नका. टी पट्टी तेवढं काम सांभाळते.

सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) एमजी९९६आर मापाचा चालतो. रिमोट चालू करून, ट्रिम (वळणाची बारीक जुळवणी) मध्यावर आणूनच हॉर्न (सर्व्होचा हात) बसवा. बंपर चपलेच्या सोलचा, १५ मिमी जाडीचा. धडकेत आधी तो दबतो, मग नकल मोडायची वेळ येते, आणि नकल प्रिंट करायला फार तर दोन तास लागतात.

वीज

ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) म्हणून हॉबीविंगची क्विकरन १०६० पुरते. तिच्यावर लिपो (लिथियम पॉलिमर) की निकेल बॅटरी हे निवडायचा जंपर असतो, तो लिपोवर ठेवा. नुसतं ‘३२० अँपिअर’ छापलेली स्वस्त ईएससी बऱ्याचदा लिपोचा कटऑफ (बॅटरी उतरली की मोटर बंद करणं) देत नाही. ती वापरायचीच असेल तर बॅटरीच्या बॅलन्स प्लगला बझर लावून तो सेलमागे ३.५ व्होल्टवर ठेवा. बॅटरी दोन सेलची, २,२०० मिलिअँपिअर-अवर. सरासरी १२ अँपिअर ओढ धरली तर ११ मिनिटं चालेल, म्हणून शर्यत ८ मिनिटांचीच ठेवा. मोटरच्या दोन्ही टोकांपासून डब्याला ‘१०४’ चे दोन सिरॅमिक कपॅसिटर आणि दोन टोकांमध्ये तिसरा सोल्डर करा, नाहीतर सर्व्हो फडफडतो. बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते चिल्लर भावात मिळतात.

उन्हाळ्यात लिपो उन्हात चार्ज करू नका. बहुतेक पॅकला चार्जिंगसाठी ४५ अंशांची मर्यादा असते आणि मे महिन्यात दुपारी सावलीतही पारा तिथवर जातो. शर्यती सकाळी सातला सुरू करून दहाला आटोपणं बरं. मोटरच्या डब्याचं तापमान ८० अंशांवर गेलं तर पिनियनचा एक दात कमी करा.

मैदानावर

डिफरन्शियल नसल्याने दोन्ही मागची चाकं सारखीच फिरतात. १ मीटर त्रिज्येच्या वळणावर, १५० मिमी अंतरामुळे, बाहेरच्या आणि आतल्या वाटेत १५ टक्के फरक पडतो. तो टायर घासूनच भरून निघतो आणि गाडी सरळ जायला बघते. अडीच मीटरच्या वळणावर हाच फरक ६ टक्के. मागची रुंदी कमी ठेवण्याचं कारण हेच. ट्रॅकही रुंद वळणांचाच आखा, जुन्या पाण्याच्या पाइपचे तुकडे टाकून. चुन्याने रेषा मारू नका, तो टायरला लागून घसरण होते. आधी खराट्याने झाडून घ्या.

गाडी एका बाजूला चांगली आणि दुसऱ्या बाजूला वाईट वळत असेल तर समोरच्या टोकाखाली मध्यावर स्क्रूड्रायव्हर धरून हळूच उचला. दोन्ही चाकं एकदमच सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर टी पट्टीचे बोल्ट ढिले करून, प्लेट काचेवर सपाट ठेवून परत आवळा. तरी नाही जमलं तर बॅटरी त्या चाकाच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर सरकवा.

गाडी वळणातून बाहेर पडताना गोल फिरत असेल तर मागचे टायर धुळीने माखलेत का ते आधी बघा, ओल्या कापडाने पुसा. बाकीचे बदल त्यानंतर. सरळ रेषेत डगमगत असेल तर समोरच्या चाकांची पुढची टोकं किंचित, साधारण १ अंश, आत करा. खूप केलीत तर वेग जातो आणि टायरच्या बाहेरच्या कडा झिजतात.

शर्यतीनंतर बॅटरी सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. गाडी डिकीत राहिली तरी चालेल, बॅटरी मात्र घरात.