इनव्हॉइसचे मेल स्पॅममध्ये जाऊन राहिले? सॉफ्टवेअरमध्ये डोमेन असं व्हेरिफाय करा

बिलिंगचं नाहीतर सीआरएमचं (ग्राहकांची माहिती सांभाळणारं) सॉफ्टवेअर घेतलं, त्यातून इनव्हॉइस पाठवलं आणि तिकडून पार्टीचा फोन, "भाऊ, मेल तर आलाच नाही". नागपुरात इतवारीपासून हिंगणा एमआयडीसीपर्यंत सगळीकडे हेच होऊन राहिलं. मेल तुमच्या नावाने जातो पण निघतो सॉफ्टवेअरवाल्यांच्या सर्व्हरवरून, आता त्या सर्व्हरला तुमची परवानगी आहे हे जीमेलला कसं कळणार? ती परवानगी तुमच्या डोमेनच्या (म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या ऑनलाइन नोंदवहीत, लिहायची, बस, काम एवढंच आहे.

पाठवणारा पत्ताच जीमेलचा असेल तर मात्र इथेच थांबा, जीमेल डॉट कॉम तुमच्या मालकीचं नाही त्यामुळे ते व्हेरिफाय होत नाही, आधी स्वतःचं डोमेन घ्या.

पयले डीएनएस कुठे आहे ते शोधा. खरी बोंब इथेच असते, वेबसाइट कोण्या पोराने केव्हातरी बनवून दिली, लॉगिन त्याच्याकडे आणि तो आता पुण्यात. डोमेन एकीकडे घेतलेलं आणि नेमसर्व्हर (ही नोंदवही ठेवणारे सर्व्हर) दुसरीकडचे असंही असतं, रेकॉर्ड टाकायचे ते नेमसर्व्हर जिथले आहेत तिथेच. ऑनलाइन हूइज लुकअपमध्ये (डोमेनची माहिती दाखवणारी साइट) डोमेन टाकलं की नेमसर्व्हर दिसतात.

मग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ईमेल डोमेन अ‍ॅड करा, ते काही टीएक्सटी नाहीतर सीनेम रेकॉर्ड (डीएनएसमधल्या नोंदींचे प्रकार) देईल. हाताने टाइप करू नका, कॉपी-पेस्टच करा, डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) की, म्हणजे किल्ली, भलीमोठी असते आणि एक अक्षर चुकलं की गेलं.

नावाच्या रकान्यात जास्त लोक फसतात. बरेच पॅनल डोमेनचं नाव शेवटी आपोआप जोडतात, तुम्ही पण पूर्ण लिहिलं की डोमेन दोनदा लागतं आणि व्हेरिफाय काही होत नाही, म्हणून सेव्ह केल्यावर नाव एकदा वाचाच. क्लाउडफ्लेअर असेल तर सीनेमसमोरचा नारिंगी ढग बंद करून करडा करा, नागपुरात नारिंगी रंग कितीही लाडका असला तरी इथे नाही चालत.

एसपीएफ रेकॉर्ड, म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी, एका डोमेनला एकच. जुना असेल तर त्यातच नव्या सॉफ्टवेअरचा इन्क्लूड (त्यांचे सर्व्हर यादीत जोडणारा शब्द) घाला, दुसरा बनवला तर एसपीएफ तपासणीत एररच येतो. शिवाय एकूण डीएनएस लुकअप 10 च्या वर गेले तरी फेल, म्हणून वापरात नसलेल्या जुन्या सर्व्हिसचे इन्क्लूड काढून टाका. येणारे मेल कुठे जायचे ते सांगणाऱ्या एमएक्स रेकॉर्डला मात्र उगाच हात लावू नका, येणारे मेल बंद पडतील.

डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड) नसेल तर तोही टाका, सुरुवातीला पॉलिसी नन (none, म्हणजे काही अडवू नका) ठेवा. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात. तुमचे पन्नासच जात असतील तरी टाकून ठेवा, फुकटच आहे.

आता व्हेरिफाय दाबा. कधी पाच मिनिटांत होतं, कधी 48 तास लागतात, तेवढ्यात दहादा रेकॉर्ड बदलत बसू नका.

हिरवी टिक आली तरी स्वतःच्या जीमेलवर एक इनव्हॉइस पाठवा, कॉम्प्युटरवर उघडून तीन टिंबांमधून शो ओरिजिनल करा, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हीसमोर पास पाहिजे. डीकेआयएम पास पण डीमार्क फेल दिसलं तर सही बहुतेक सॉफ्टवेअरवाल्यांच्याच डोमेनने होऊन राहिली आहे, सेटिंगमध्ये फ्रॉमचा पत्ता तुमच्या व्हेरिफाय केलेल्या डोमेनचाच आहे का ते बघा आणि परत एक पाठवून पाहा.