ठासणीच्या पिस्तुलाचं लाकडी स्टँड: या चुका टाळा

टिंबर मार्केटातनं सागाचा तुकडा आणला, दोन खाचा पाडल्या, पॉलिश मारलं, झालं स्टँड, असं मलाही वाटलं होतं. दिसायला एक नंबर. गज, म्हणजे बंदुकीची दारू नि गोळी नळीच्या तोंडातनं आत ठासायची काठी, ठासायला घेतला आणि अख्खं स्टँड पिस्तुलासकट टेबलावर नाचायला लागलं.

चूक अशी की आपण पिस्तूल ठेवायचं स्टँड करतो, लागतं बार (दारू नि गोळी) भरायचं. नळी वर, मूठ खाली, दोन्ही हात मोकळे. गजाचा दाब मुठीच्या बुडानं घ्यायचा. माझ्याकडं तो चापाच्या (ट्रिगरच्या) कडीवर येत होता, कडी वाकायचीच बाकी होती. बुडाला खोबण कोरा, नळीला वरच्या आडपट्टीत नुसता आधार द्या. मूठ वाकडी असते, त्यामुळं नळीची रेघ बुडावर न पडता बाजूला पडते. पाट (स्टँडची खालची फळी) त्या बाजूला लांब ठेवा. ३० बाय २० सेंमी आणि ४ सेंमी जाड असला तर बरा. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवा. तरी डुललं तर सरळ सी-क्लॅम्प लावा.

हे डुलणं साधं नाही. गोळी दारूवर घट्ट बसली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर बार उडवताना नळी फुगते, फाटूही शकते. गजावर भरल्या बाराची खूण करून ठेवा आणि दर खेपेला ती बघा. तोंड मात्र नळीच्या रेघेत आणू नका.

आता खास आपल्या कोल्हापूरची चूक. चप्पल लाईनीतनं कातड्याचे तुकडे आणून मी खाचेला अस्तर लावलं, वर मिरवलंही. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा नि बाभळीच्या सालीत कमावतात, त्यात टॅनिन असतं. जुलैच्या दमट हवेत पिस्तूल चार दिवस स्टँडातच राहिलं. मुठीच्या पितळी टोपणावर हिरवा थर, नळीवर बरोब्बर खाचेच्या रुंदीचा गंजाचा पट्टा! आता लोकरीचं फेल्ट लावलंय आणि काम झालं की पिस्तूल पुसून, तेल देऊन कपाटात जातं.

लोखंडी खिळे नकोत, काळ्या दारूला ठिणगी पुरते. पितळी स्क्रू घ्या, वरचे खळगे लाकडाच्या भुश्यानं नि फेविकॉलनं बुजवा, नाहीतर सांडलेली दारू तिथंच साचते. जवसाच्या तेलाचा हात मारलात तर चिंध्या पसरून वाळवा. गोळा करून ठेवलेल्या चिंध्या आपोआप पेटतात.

दारूच्या कुप्यांसाठी भोकं किती? मी १३ पाडली. ठासणीच्या आंतरराष्ट्रीय पिस्तूल स्पर्धेत ३० मिनिटांत १३ बार असतात, त्यातले चांगले १० धरतात. दारू आधीच मोजून कुप्यांत भरलेली असते. दारू साठवायच्या शिंगातनं थेट नळीत ओतायची नाही, आत निखारा राहिला असेल तर अख्खं शिंग हातात पेटेल. टोपी (बार पेटवणारी छोटी कॅप) स्टँडावर बसवायचीच नाही, ती नेमाच्या जागेवर. आणि परवाना नसेल तर यातलं काहीच करायचं नाही.

पावसाळ्यात खाच आवळली म्हणून लगेच कानस घेऊ नका. दिवाळीनंतर तेच पिस्तूल खाचेत खुळखुळेल. फेल्ट धरून दोन-तीन मिलिमीटर मोकळीक पहिल्यापासूनच ठेवा, सैल वाटली तर फेल्टचा आणखी एक थर.