शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल शाळेत पाठवताना

आपल्याकडे कूट कशात नसतं सांगा, साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, चिक्की, संक्रांतीचा तिळगूळ सुद्धा. त्यामुळे "शेंगदाणे देऊ नका" एवढं टीचरना सांगून भागत नाही, पदार्थांची नावं लिहून द्या, मुलाच्या फोटोसकट, आणि व्हॅनवाल्या काकांना पण. डबा शेअर करायचा नाही हे मुलाला पाठच करून घ्या. वाढदिवसाच्या चॉकलेटांसाठी टीचरकडे आपला वेगळा खाऊ ठेवून द्या, म्हणजे ते हिरमुसत नाही.

आता मेन गोष्ट. अंगावर गांधी आणि सोबत श्वास लागणं, आवाज बसणं, उलट्या किंवा चक्कर असं काही दिसलं तर अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, सेट्रिझिनची (अ‍ॅलर्जीची नेहमीची) गोळी देऊन वाट बघत बसू नका. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मग १०८. मुलाला आडवं करून पाय वर, चालवायचं नाही, धाप लागली असेल तर बसू द्या. ५ मिनिटांत फरक नाही तर दुसरा डोस. ऑटो-इंजेक्टर (डोस आधीच भरलेलं, मांडीवर दाबलं की टोचलं जाणारं पेन) इकडे सहज मिळत नाही, म्हणून साध्या सिरिंजने किती द्यायचं तो डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि शाळेत कोण टोचणार ते आधीच ठरवून त्यांना शिकवून ठेवा. इंजेक्शनचं किट कुलुपात नको हं, आणि एक्सपायरी बघत जा.